ड्रिफ्टसाठी व्हील अलाइनमेंट आणि टायर: सुरुवात कुठून करावी?

आडवातिडवा

मंडळी, बराच काळ नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या. (ड्रिफ्ट म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत, गाडी आडवी ठेवून वळण घेणं.)

गाडी निसान एस-१३, इंजिन एसआर२० टर्बो, कंपनीच्या हिशेबाने २०५ पीएस ताकदीचं. इंजिनाला अजून हात लावलेला नाही. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) घालून गाडी खाली बसवली आहे आणि डिफ वेल्ड केलेला आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. चालवतो ती फक्त बंद ट्रॅकवर. गाडी आडवी पडते, एकच वळण असेल तर शेवटपर्यंत धरताही येते. घोळ त्यापुढे आहे. डाव्या वळणातून उजव्या वळणात टाकली की मागची बाजू सटकन अशी फिरते की हात पोचेपर्यंत गाडीचं तोंड आल्या वाटेकडे झालेलं असतं. उजव्यातून डाव्यात जाताना मात्र हा त्रास जवळजवळ नाही. दुसरं म्हणजे मागचे टायर आतल्या कडेला गोटा झालेत आणि बाहेरच्या अर्ध्या भागावर नक्षी शाबूत. तिसरं, भरपूर काउंटर दिला (स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेला फिरवलं) की पुढची चाकं पकड सोडतात आणि गाडी सरळ बाहेर निघते.

अलाइनमेंटचा कागद असा (सगळे कोन अंशांत. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरून आत. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल. टो म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड आत की बाहेर, म्हणजे इन की आउट): पुढे कॅम्बर उणे २, कॅस्टर कंपनीचाच, टो शून्य. मागे कॅम्बर उणे अडीच. मागच्या टोच्या रकान्यात पेनाने नुसतं "ओके" लिहिलंय.

नेटवर प्रत्येकाचे आकडे वेगळे. कुणी म्हणतं पुढे उणे ३ पुरे, कुणी उणे ७ सांगतं. आधी टायर बदलू, आर्म (सस्पेन्शनच्या दांड्या) घेऊ की सरळ अँगल किट (पुढची चाकं जास्त वळवू देणारं) टाकू?

धूरकट

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझेही मागचे टायर आतून खातात, पण मी त्या गाडीने ऑफिसला जातो. :D

टाकीफुल्ल

एवढा विचार कशाला करता राव. पुढे उणे ५, कॅस्टर ७, टो शून्य. मागे कॅम्बर शून्य, टो शून्य, हवा ५० पीएसआय. विषय संपला.

नटबोल्ट

आकड्यांकडे जायच्या आधी दोन प्रश्न. या गाडीला हायकास होतं का? (नवख्यांसाठी: निसानची मागची चाकंही थोडी वळवणारी यंत्रणा. ड्रिफ्टमध्ये मागच्या चाकांनी स्वतःची अक्कल चालवलेली कुणालाच नको असते, म्हणून ती लॉक करतात किंवा काढून टाकतात.) आणि मागच्या आर्मचे बुश (सांध्यातले मऊ तुकडे) कधी बदललेत? गाडी जॅकवर घ्या, मागचं चाक तीन आणि नऊ वाजताच्या जागी धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर अलाइनमेंट करणं म्हणजे वाहत्या पाण्यावर रेघ ओढणं.

आणि तो "ओके" मला अजिबात ओके वाटत नाही. एकाच बाजूला सटकते म्हणताय, तिथेच पाणी मुरतंय.

आडवातिडवा

हायकास आधीच्या मालकाने काढलंय, जागी लॉक बार आहे. बुश पॉलीयुरेथेनचे, खुळखुळ नाही. आत्ताच बघून आलो.

उलटगिअर

टाकीफुल्ल यांच्याशी अर्धा सहमत. कॅस्टर वाढवा, पण पुढे उणे ५ कॅम्बर कशासाठी? कॅस्टर जास्त असला की चाक वळवल्यावर कॅम्बर आपोआप उणे होतो, हे कुठल्याही रेसवाल्याला विचारा. म्हणजे उभ्या गाडीत उणे २ ठेवून कॅस्टर ८ केला की ब्रेक मारताना पूर्ण पट्टा जमिनीला आणि वळणात कॅम्बरही मिळतो. पुढची चाकं फेंगडी करून फिरणं हा निव्वळ फोटोसाठीचा शौक.

कोनमापक

उलटगिअर, रेसवाल्याला विचारलंत तर तो बरोबरच सांगेल, कारण तो वळणाच्या दिशेने स्टिअरिंग फिरवतो. ड्रिफ्टमध्ये तुम्ही उलट्या दिशेला फिरवता, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

डावं वळण घ्या. ग्रिपमध्ये, म्हणजे न घसरता, चाकं डावीकडे वळलेली, वजन उजव्या पुढच्या चाकावर. कॅस्टरमुळे ते उजवं चाक वरून आत कलतं, म्हणजे उणे कॅम्बर वाढतो. तुमचं म्हणणं इथवर शंभर टक्के खरं.

आता तेच डावं वळण ड्रिफ्टमध्ये. मागची बाजू उजवीकडे सुटलेली, तुम्ही काउंटर दिलाय, चाकं उजवीकडे. वजन मात्र अजूनही उजव्या पुढच्या चाकावरच. पण आता ते चाक कॅस्टरच्या दृष्टीने आतल्या बाजूचं झालंय, म्हणून ते वरून बाहेर कलतं. उणे कॅम्बर वाढायचा सोडून खर्च व्हायला लागतो. साधारण हिशेब: कॅस्टर ७ अंश आणि चाक ४० अंश वळलेलं असेल तर ७ गुणिले साइन ४०, म्हणजे जवळपास साडेचार अंश गेले. किंगपिन (चाक वळतं तो अक्ष) जितका आत कललेला त्याप्रमाणे आणखी दोन-तीन अंश जातात, आणि ते कुठल्याही बाजूला वळवलं तरी जातातच. वर गाडी बाहेरच्या बाजूला झुकलेली असते, ते वेगळं.

थोडक्यात, उभ्या गाडीत उणे ५ दिसणारं चाक पूर्ण काउंटरमध्ये जेमतेम सरळ उभं राहतं, कधी थोडं बाहेरच कलतं. आणि तुमचं उणे २ वालं चाक तेव्हा बाहेरच्या कडेवर, साइडवॉलच्या काठावर चालत असतं. धागाकर्त्याची तिसरी तक्रार परत वाचा.

विश्वास नसेल तर गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा आणि उजव्या पुढच्या रिमवर डिजिटल अँगल गेज लावा. नंतर सरळ करून परत लावा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या गाडीचं उत्तर. माझंही ऐकू नका, गेजचं ऐका.

मधलीलेन

साष्टांग __/\__ इतकी वर्षं पुढची चाकं तिरकी का असतात हे "स्टाइल" या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

उलटगिअर

मोजलं. आकडे तुम्ही म्हणता तसेच. तरी कॅस्टर आधी, यावर मी ठाम आहे, आणि कारण कॅम्बर नाहीच: सेल्फ-स्टिअर. दिशा बदलताना स्टिअरिंग हातातून सोडलं की चाकं आपणहून प्रवासाच्या दिशेला वळायला हवीत. तो वेग कॅस्टरमधून येतो. कंपनीच्या कॅस्टरवर गाडी सटकन फिरली तर हात कितीही चपळ असू द्या, पोचत नाहीत. आडवातिडवा यांची पहिली तक्रार हीच आहे.

कोनमापक

सेल्फ-स्टिअरबद्दल पूर्ण सहमत. फक्त जास्तीचा कॅस्टर फुकट येत नाही. स्टिअरिंग जड होतं, आणि खूपच वाढवला तर चाक मधोमध न थांबता पलीकडे जातं, मग हातांना ते पकडावं लागतं. शिवाय वर लिहिल्याप्रमाणे पुढच्या भारवाहू चाकाचा कॅम्बर आणखी लवकर संपतो. बहुतेक जण ६ ते ८ मध्ये थांबतात ते उगाच नाही. एस-१३ ला टेन्शन रॉड (खालच्या आर्मला पुढून धरणारी दांडी) आहे, अॅडजस्टेबल घेतला की कॅस्टर घरच्या घरी बदलता येतो. फक्त चाक पुढे सरकतं हे लक्षात ठेवा, पूर्ण लॉकला (स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं की) बंपरच्या आतल्या प्लास्टिकला घासेल.

पण एकाच दिशेला सटकते याचं उत्तर कॅस्टरमध्ये मिळत नाही. त्याबाबत नटबोल्टांच्या मागे उभा आहे.

बारकीगाडी

रच्याकने, हे सगळं आम्हा आरसी (रिमोटवरच्या छोट्या गाड्या) ड्रिफ्टवाल्यांना तोंडपाठ असतं. छोट्या गाडीलाही पुढे ढीगभर कॅम्बर, कॅस्टर आणि ६० च्या वर अँगल. टायर कडक प्लास्टिकचे. काउंटर गायरो (गाडी फिरतेय हे ओळखणारा सेन्सर) देतो, आपण फक्त थ्रॉटल सांभाळायचा.

धूरकट

म्हणजे गायरोला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

बारकीगाडी

ते मी बोललो नाही, दिवा घ्या. :)

रबरमित्र

टायरवर कुणीच लिहीना, म्हणून लिहितो. लांबण लागेल.

ड्रिफ्टचा टायर निवडताना "पुढे चांगला, मागे मिळेल तो" असं सांगतात. अर्धंच खरं आहे ते. पुढच्या टायरवर गाडीची दिशा ठरते, तिथे कंजुषी नको, हे मान्य. ट्रेडवेअर २०० च्या आसपासचा टायर पुढे असावा. (ट्रेडवेअर म्हणजे साइडवॉलवरचा आकडा. १०० हा मूळ संदर्भ, २०० म्हणजे चाचणीत त्याच्या दुप्पट टिकला. आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन ब्रँडची तुलना त्यावरून करायची नाही, फक्त अंदाज घ्यायचा.) मागे ३०० ते ४०० वाला चालतो. पण पुढचा फारच चिकट आणि मागचा दगड असं झालं की गाडी सुटते ती थेट फिरण्यासाठीच. मागे थोडीतरी पकड असेल तर थ्रॉटल दिल्यावर गाडी आडवी असूनही पुढे जाते, नसेल तर जागच्या जागी धूर. धूर बघायला छान, पण गती मेली की ड्रिफ्टही मेला.

२०५ पीएसला मागे २०५ किंवा २१५ रुंदीचा टायर पुरे. २५५ टाकून "पकड वाढवली" म्हणणारे मग क्लच किक (क्लच झटक्यात सोडून चाकं घसरवणं) मारमारून क्लच जाळतात.

पुढे-मागे एकाच मापाचे रिम ठेवता आले तर फार सोय होते, पुढचे अर्धवट झिजलेले टायर मागे टाकून संपवता येतात. एका कडेला खाल्लेला टायर रिमवरून उतरवून उलटा चढवता येतो, म्हणजे आतली कड बाहेर. पण साइडवॉलवर "आतली बाजू / बाहेरची बाजू" असं छापलेलं असेल तर तसं करू नका. बाणवाल्या टायरची उलटवल्यावर फिरण्याची दिशा बदलते, तेव्हा तो गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावायचा.

जुने टायर स्वस्तात घेणाऱ्यांनी चार आकडी तारीख वाचायला शिकावं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही भरलेली दिसली तरी जुनं रबर कडक होतं, आणि गरम झाल्यावर वरचा पट्टा सोलून निघतो. तो पट्टा फेंडरच्या आतल्या पत्र्याला आणि ब्रेकच्या होजला काय करतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा.

आणि टाकीफुल्ल, ५० पीएसआय कशासाठी?

टाकीफुल्ल

सोपं आहे. हवा जास्त, पट्टा कमी टेकतो, कमी ताकदीची गाडीही लगेच सुटते. माझी सुटते.

रबरमित्र

सुटते हो, पण मधला पट्टाच तेवढा झिजतो, टायर लवकर तापतो आणि तापला की आतली हवा आणखी फुगते. थंड असताना ५० भरली तर दोन-चार फेऱ्यांनी साठीच्या घरात जाईल. साइडवॉलवर कमाल आकडा छापलेला असतो, तो काही शोभेसाठी नाही. अगदी कमी ताकदीच्या गाडीला मागे ४० च्या आसपास मी समजू शकतो. २०५ पीएसला ३५ पासून सुरू करून खाली या.

याची दुसरी बाजू बघा: हजार हॉर्सपॉवरच्या स्पर्धेतल्या गाड्या मागे दहा-पंधरा पीएसआयवर धावतात. त्यांना टायर सोडवायचा नसतो, धरायचा असतो. अर्थात इतक्या कमी हवेवर टायर रिमच्या आत घसरू नये म्हणून त्यांची वेगळी तजवीज असते. साध्या रिमवर ते करू नका, त्यात रुंद रिमवर ताणून चढवलेला टायर असेल तर बिलकुल नको, बीड (टायरची रिमला बसणारी कड) सुटेल.

टाकीफुल्ल

४५ वर तडजोड?

रबरमित्र

बाजारात आलोय का आपण?

मधलीलेन

ठ्ठो!

बाय द वे, माझी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. मागच्या चाकांखाली प्लास्टिकचे ट्रे ठेवून फिरवतात तसं केलं तर अलाइनमेंट ट्रेची करायची का?

नटबोल्ट

ट्रेचा टो शून्य ठेवा. :) गमतीपुरतं ठीक आहे, पण ट्रे निसटला की एका चाकाला अचानक पकड मिळते आणि गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. मोकळं मैदान हवं.

आता मुद्द्यावर येतो. आडवातिडवा, मशिनवाल्याकडे परत जायच्या आधी दोरीने मोजा. तासाभराचं काम आहे आणि यानंतर कायमचं हातात राहतं.

जागा सपाट हवी. टायरची हवा सारखी करा, टाकी निम्मी असू द्या, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवा, नाहीतर मित्राला बसवा. स्टिअरिंग सरळ करून बांधून ठेवा. गाडी जॅकवरून उतरवली असेल तर थोडी पुढे-मागे ढकला. जॅकवरून उतरल्या उतरल्या चाकं आत ओढलेली असतात, तेव्हाचे आकडे खोटे.

गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या उंचीला, पुढून मागपर्यंत दोरी ताणायची. चार जॅक स्टँड पुरतात. पुढच्या दोन्ही हबपासून दोरीचं अंतर दोन्हीकडे सारखं, मागच्या दोन्ही हबपासूनही दोन्हीकडे सारखं. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळायलाच हवं असं नाही, कारण पुढचा-मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असू शकतो. बरेच जण इथे अडकतात: चारही अंतरं एकसारखी करायला जातात आणि दोरी गाडीला तिरकी होते. खात्रीसाठी दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा, ते सारखं हवं.

मग स्टीलची पट्टी घेऊन रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. पुढचं अंतर कमी म्हणजे टो-आउट, जास्त म्हणजे टो-इन. १७ इंची रिमवर १ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण ०.१३ अंश.

कॅम्बरला गवंड्याचा ओळंबा चालतो. फेंडरवरून सोडायचा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर बघायचं. १७ इंचावर साडेसात मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. कॅस्टर हवा असेल तर चाक २० अंश एका बाजूला वळवून कॅम्बर घ्या, मग २० अंश दुसऱ्या बाजूला, दोन्हींतला फरक गुणिले दीड.

क्रम पाळा: आधी गाडीची उंची, मग कॅस्टर, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवला की टो हलतोच. उलट क्रमाने केलंत तर दिवसभर गोल गोल फिरत बसाल.

मधलीलेन

हे खरंच छापून भिंतीवर लावणार.

माझा एक अनुभव. भावाची मागच्या चाकांवर चालणारी गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली होती, आकडे लिहून दिलेले. त्यांनी गाडी परत दिली ती स्क्रीनवर सगळं हिरवं करून! म्हणे लाल दिसत होतं म्हणून "दुरुस्त" केलं. हिरवं म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हापासून भाऊ मशिनशेजारी उभा राहतो आणि सुरुवातीचा व शेवटचा असे दोन्ही कागद मागून घेतो.

जुनाजाणता

धागा चांगला रंगलाय म्हणून थोडं अवांतर. जपानमध्ये रेसर कुनिमित्सु ताकाहाशी सत्तरच्या दशकात सर्किटवर गाडी अशी आडवी टाकून वळणं घ्यायचे, ते बघून 'ड्रिफ्ट किंग' केइची त्सुचिया शिकले. त्सुचियांची एई८६ बघा. मागे सरळ ॲक्सल. म्हणजे मागचा कॅम्बर शून्य, टो शून्य, आणि पाना लावायला जागाच नाही. तुम्ही लोक ज्यावर इतकं भांडताय ते त्या गाडीत टोयोटाने आधीच ठरवून टाकलेलं. त्यात डी-वन ग्रां प्री या जपानी ड्रिफ्ट स्पर्धेच्या सुरुवातीच्या, म्हणजे २००१ च्या आसपासच्या गाड्यांचे अँगल आजच्या मानाने किरकोळच होते.

उलटगिअर

काका, म्हणजे जुनं ते सोनं?

जुनाजाणता

नाही रे बाबा. ॲक्सल सरळ असला की मागच्या टायरचा पूर्ण पट्टा टेकतो, एवढंच म्हणतोय. धागाकर्त्याचे उणे अडीच मागे कशाला हवेत?

कोनमापक

जुनाजाणता यांनी बरोबर बोट ठेवलंय. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी खाली बसवली की मागचा उणे कॅम्बर वाढतो, थ्रॉटल दिल्यावर मागची बाजू आणखी बसते तेव्हा अजून वाढतो. म्हणजे कागदावरचे उणे अडीच प्रत्यक्षात उणे साडेतीनही असतील. आत गोटा, बाहेर नवं, याचं दुसरं कारण शोधायला नको. मागचा वरचा अॅडजस्टेबल आर्म घ्या, उभ्या गाडीत उणे अर्धा ते उणे एकच्या दरम्यान ठेवा, आणि मग आकडा विसरून टायर बघा. फेरी मारून आल्या आल्या आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी तापमान घ्या. तापमापक नसेल तर झिजेची रेघ वाचा, खरखरीत कड कुठे आलीय त्यावरून कळतं.

मागच्या टोबद्दल: शून्य किंवा किंचित इन. आउट कधीही नको. आउट असलेल्या मागच्या चाकावर वजन आलं की ते मागच्या बाजूला वळणाबाहेर हाकलतं. आता बघा, उजव्या वळणात वजन येतं डाव्या मागच्या चाकावर. डावं मागचं मोजल्यावर काय निघतं ते नक्की कळवा.

टाकीफुल्ल

आणि अँगल किट? तेही विचारलं होतं त्यांनी. माझ्या मते सरळ घेऊन टाका. अँगल जास्त म्हणजे फिरण्याची भीती कमी.

नटबोल्ट

अँगल जास्त म्हणजे चूक लपवायला जागा जास्त. आधी आहे त्यावर नीट बसू द्या. कंपनीच्या नकलवरही (पुढचं चाक धरून वळणारा भाग) शिकता येतं, अगदी हवाच तर रॅक स्पेसर (स्टिअरिंगच्या रॅकवर बसणारी चकती) घालून अँगल थोडा वाढवा.

किट घेतलंच तर अँगलचा आकडा बघून भुलू नका, ॲकरमन बघा. साध्या गाडीत वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं, पार्किंगमध्ये ते उपयोगाचं. ड्रिफ्टमध्ये मात्र पूर्ण काउंटरला पुढचं भारवाहू चाक जास्त वळलेलं आणि मागून येणारं कमी, अशी दोघांची ओढाताण सुरू होते. एक चाक फरपटतं, गती खातं. म्हणून चांगल्या नकलमध्ये दोन्ही चाकं लॉकपर्यंत जवळपास समांतर राहतील असं बघितलेलं असतं. एस्टोनियाच्या वाइजफॅबसारख्यांची किट महाग असतात ती या भूमितीमुळे. नुसते स्टिअरिंग आर्म कापून आखूड केले की अँगल मिळतो, भूमिती मिळेलच असं नाही.

आडवातिडवा

मंडळी, धागा वर काढतोय.

आधी दोरी. डावं मागचं चाक ३ मिलिमीटर टो-आउट निघालं, उजवं १ मिलिमीटर इन. "ओके"वाल्याला कोपरापासून नमस्कार. लॉक बारच्या डावीकडच्या टो रॉडचा लॉकनट ढिला होता, कसल्यावर आणि खूण केल्यावर आता हलत नाही. दोन्हीकडे १ मिलिमीटर इन ठेवलं.

मागे वरचे आर्म बसवून कॅम्बर उणे पाऊण. पुढे कॅम्बर प्लेट आणि टेन्शन रॉड: उणे ५, कॅस्टर ७. पुढचा टो प्रत्येक बाजूला १ मिलिमीटर आउट. मागे २१५ चे ३४० ट्रेडवेअर, थंड असताना ३४ पीएसआय. कोनमापकांनी सांगितलं तसं पूर्ण लॉकला गेज लावलं, उजवं चाक जवळजवळ सरळ उभं.

परिणाम: डाव्यातून उजव्यात जाताना सटकणं बंद. आता दोन्हीकडे सारखीच वळते आणि स्टिअरिंग बोटांमधून आपोआप फिरतं, ते पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरून घट्ट धरलं. मागचे टायर आडवे सगळीकडून सारखे झिजतायत. पुढची चाकंही शेवटपर्यंत धरतात.

नवीन कटकट मात्र आली. रॅक स्पेसर घातल्यावर पूर्ण काउंटरला गेलं की स्टिअरिंग कधीकधी तिथेच अडकून बसतं. ओढून परत आणावं लागतं. कॅस्टर कमी पडतोय का?

उलटगिअर

बघा, कॅस्टर! सेल्फ-स्टिअर मिळालाच की नाही? :)

नटबोल्ट

अडकणं कॅस्टरमुळे नाही, आणि असं चालवू पण नका. याला ओव्हर-सेंटर म्हणतात. टाय रॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारी दांडी) आणि नकलचा आर्म पूर्ण लॉकला एका रेषेत यायला लागतात, मग रॅकने ओढलं तरी चाक फिरवायला तरफच उरत नाही. त्यापलीकडे एखादा अंश गेलं तर चाक उलट्या बाजूने लॉक होतं आणि मग हातांनी येतच नाही.

गाडी जॅकवर घ्या, पूर्ण लॉक द्या आणि खालून बघा टाय रॉड आणि आर्ममध्ये किती कोन उरलाय. रेघ सरळ दिसत असेल तर स्पेसर पातळ करा. दोन्ही बाजूंना स्वतंत्र तपासा, एकाच बाजूला अडकत असेल तर रॅक मधोमध नाही. स्पेसर बदलल्यावर टो परत मोजायचा, आणि आतल्या टाय रॉडचे किती आटे रॅकमध्ये शिरलेत तेही बघून घ्या. जाड स्पेसरमुळे आटे कमी उरतात, आणि तो जोड सुटला तर पुढचं चाक मनाला येईल तिकडे जातं.

आडवातिडवा

अडकतंय ते फक्त डाव्या लॉकला. म्हणजे रॅकच. आजच गाडी वर घेतो.

टाकीफुल्ल

आणि मागे ३४? एकदा ४५ करून बघाच.

रबरमित्र

अहो, आवरा!